आज रोख, उद्या उधार : मोबाइलवरील विजेट ताजे कसे राहते

किराणा दुकानाच्या गल्ल्यावर टांगलेली "आज रोख, उद्या उधार" ही पाटी आपण सर्वांनी पाहिलेली आहे, आणि तिच्यातली गंमतही सर्वांना ठाऊक आहे. पाटी आज वाचली तर उधारी उद्या मिळावयाची, आणि उद्या जाऊन वाचली तरी पुन्हा उद्याच. दिवस पुढे जातो आणि पाटीवरचा शब्द तिथेच उभा राहतो. हीच गंमत एका वर्षी आमच्या संघटनेच्या अंगाशी आली. तीमुळे आम्हांला मोबाइलच्या एका अंगाची माहिती करून घ्यावी लागली. या विषयाचे पुस्तकी शिक्षण आम्ही घेतलेले नाही. जे कळले ते जाणत्या मुलांना विचारून, वाचून आणि चुका करून कळले. ते व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपुढे साध्या भाषेत ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मोबाइल उघडताच जे पहिले पान दिसते त्याला होम स्क्रीन म्हणतात. त्यावर ॲपची लहान लहान चित्रे असतात. त्यांवर बोट ठेवले की ॲप उघडते. पण त्याच पानावर काही चौकोन निराळे असतात. ते न उघडताच काही सांगतात : तपमान किती, पाऊस पडेल काय, धावसंख्या किती झाली. ॲपच्या पोटातली मोजकी माहिती दाराबाहेर लावणारा हा चौकोन म्हणजे विजेट. ॲन्ड्रॉइड फोनवर ॲप करणाऱ्यांना अशी विजेटे करण्याची सोय २००९ च्या एप्रिल महिन्यात १.५ क्रमांकाच्या आवृत्तीत मिळाली. आयफोनच्या होम स्क्रीनवर ती ठेवता येऊ लागली २०२० च्या सप्टेंबरात, आयओएस १४ पासून. ही पाटी ताजी राहते कशी, आणि केव्हा राहत नाही, हा आपला आजचा प्रश्न आहे.

अकरा जणांचा खाडा

२०२४ च्या जानेवारीतली गोष्ट. बांधकाम कामगारांचे नोंदणीचे अर्ज भरून घेण्यासाठी धाराशिव येथे एका रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही सभा ठेवली होती. या नोंदणीला मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागे, आणि कागदपत्रांच्या कामात आमची माणसे गोंधळतात. म्हणून सर्वांनी एकत्र बसावे असे ठरले. सभेची वार्ता गावोगाव पोचावी यासाठी आमच्या एका जुन्या सभासदाच्या मुलाने, जो पुण्यास हेच काम शिकून आला होता, संघटनेला एक लहानसे ॲप करून दिले होते. त्याला विजेटही होते. शनिवारी सकाळी सगळ्यांच्या होम स्क्रीनवर अक्षरे उमटली : "उद्या सकाळी १० वाजता सभा."

रविवारी सभा झाली, चांगली झाली. सोमवारी सकाळी आम्ही कार्यालय उघडावयास गेलो तो दारात अकरा माणसे उभी. कोणी लोहाऱ्याकडचे, कोणी उमरग्याकडचे. सोमवारचे काम बुडवून, एस.टी.चे तिकीट काढून आलेली. ज्यांनी पाटी शनिवारी वाचली होती ते रविवारी येऊन गेले. या अकरा जणांनी ती रविवारी वाचली होती, आणि रविवारीही त्यांच्या फोनवर "उद्या" असेच होते. एक मावशी फोन पुढे करून म्हणाल्या, "आण्णा, कालबी उद्याच होतं, अन् आजबी उद्याच हाय. आता नेमकं कवा यावं माणसानं?"

त्यांना आमच्यापाशी उत्तर नव्हते. अकरा जणांचा त्या दिवसाचा रोज संघटनेच्या निधीतून भरून दिला आणि अर्ज तिथेच बसून लिहून घेतले. पण गेलेला विश्वास निधीतून भरून देता येत नाही. ॲप करणाऱ्या मुलाला बोलावून घेतले. त्याने सगळे फोन पाहिले, तोंड उतरवून बसला आणि म्हणाला, "काका, पाटी खोटी नव्हती. शिळी होती." त्याचे म्हणणे बरोबर होते. मजकूर तर आम्हीच त्याला तोंडी सांगितला होता, तेव्हा दोष एकट्या त्याचा नव्हता. पुढे चार संध्याकाळी त्याने आम्हांला जे समजावून दिले, त्यातले सार असे.

खिडकी आणि पाटी

बहुतेकांची समजूत अशी असते की विजेट म्हणजे ॲपच्या घराला पाडलेली खिडकी. आत जे चालले असेल ते बाहेरून दिसावयाचे. आमचीही तीच समजूत होती. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. होम स्क्रीनचे पान मांडणारा कारभारी वेगळा असतो. त्याला लाँचर म्हणतात. ॲप वेगळे. ॲपने लाँचरच्या पानावर स्वतः येऊन लिहावयाचे नसते. ॲप एक चिठ्ठी तयार करते : येथे हा मजकूर, तेथे हे चित्र, या जागी बोट लावले तर अमुक करावे. ही चिठ्ठी ते फोनच्या व्यवस्थेच्या हवाली करते आणि ती लाँचरकडे जाते. लाँचर त्या चिठ्ठीप्रमाणे चौकोन रंगवितो. ॲन्ड्रॉइडमध्ये या चिठ्ठीला 'रिमोट व्ह्यूज' असे नाव आहे.

चिठ्ठी दिली की ॲपचे काम संपले. ते झोपी जाते. पुष्कळदा फोन त्याला स्मरणातून काढूनही टाकतो. रंगविलेला चौकोन मात्र जसाच्या तसा दिसत राहतो. कारखान्याच्या फाटकावर कारकून नोटीस डकवून घरी जातो, त्यातलाच हा प्रकार. नोटीस डकविल्यानंतर साहेबांचा विचार बदलला तरी फाटकावरच्या कागदाला ते कळत नाही. दुसरा कागद घेऊन कोणी तरी पुन्हा फाटकापर्यंत चालत आले पाहिजे. विजेट ताजे करणे म्हणजे झोपलेल्या ॲपला उठवून नवी चिठ्ठी लिहावयास लावणे. तेव्हा सारा प्रश्न असा येऊन ठेपतो : त्याला उठवावयाचे कोणी, आणि किती वेळा?

उठविण्याचे मार्ग

ॲन्ड्रॉइडमध्ये पहिला मार्ग ठराविक वेळेचा आहे. विजेट करतानाच त्याच्या नोंदीत लिहून ठेवता येते की मला इतक्या इतक्या वेळाने उठवा. पण येथे एक मर्यादा घातलेली आहे : ३० मिनिटांच्या आत कोणासही या मार्गाने उठविले जात नाही. दर पाच मिनिटांनी असे लिहिले तरी व्यवस्था ३० मिनिटेच धरते. म्हणजे दिवसाच्या २४ तासांत फार तर ४८ वेळा.

दुसरा मार्ग 'वर्क मॅनेजर' नावाच्या मुकादमाचा. त्याच्याकडे काम नोंदवून ठेवावयाचे आणि अटी सांगावयाच्या : इंटरनेट असेल तेव्हाच कर, बॅटरी अगदी उतरलेली असेल तर करू नकोस. तो नियमित काम कमीत कमी १५ मिनिटांच्या अंतराने करतो. मात्र त्याच्याकडून मिनिटाच्या काट्याची अपेक्षा करू नये. तो काम करीन असे म्हणतो. बरोबर अमुक वाजता करीन असे म्हणत नाही.

तिसरा मार्ग सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित. वापरणाऱ्याने ॲप उघडले, त्यात काही बदलले, की ॲप जागेच असते. त्याने लगेच नवी चिठ्ठी द्यावी. विजेटवर 'ताजे करा' असे एक बटण ठेवावे, म्हणजे ज्याला गरज आहे तो स्वतः उठवील. चौथा मार्ग दूर बसलेल्या संगणकाने हाक मारण्याचा आहे. त्याविषयी पुढे बोलू.

आमच्या मुलाने पहिला मार्ग धरला होता. त्याच्या टेबलावर सर्व नीट चाले. मग त्या अकरा फोनांवर का चालले नाही? त्याने कपाळाला हात लावला तो येथे. त्याच्या टेबलावरचा फोन सदा चार्जरला लावलेला, घरच्या इंटरनेटवर जोडलेला, आणि ॲप दर दहा मिनिटांनी तो स्वतःच उघडून पाहणार. आमच्या सभासदाचा फोन याच्या उलट. तो रात्री उशाशी पडून असतो, बॅटरी वाचविण्याची सेटिंग दुकानदारानेच चालू करून दिलेली, आणि डोंगराच्या कुशीतल्या वस्तीवर रेंज कधी आहे, कधी नाही. ज्या परिस्थितीत माल वापरावयाचा त्या परिस्थितीत तो पारखला नाही, ही चूक गिरणीतही होते आणि येथेही होते.

शिधा का?

मुळात ही काटकसर कशासाठी, असा प्रश्न आम्ही विचारला. उत्तर ऐकून आम्हांला आपल्याच माणसांची आठवण झाली. एका फोनवर वीस-पंचवीस ॲप असतात आणि बॅटरी एकच. प्रत्येक ॲपला वाटते की आपली माहिती क्षणोक्षणी ताजी असावी. ॲप जागे झाले, त्याने इंटरनेटवर विचारणा केली, की फोनचा रेडिओ चालू होतो. आणि उत्तर आल्यावरही तो लगेच बंद न होता काही सेकंद जागाच राहतो. त्यामुळे थोडी माहिती वारंवार आणणे हे पुष्कळ माहिती एकदा आणण्यापेक्षा महाग पडते. प्रत्येकाने मनास येईल तेव्हा उठावयाचे ठरविले तर दुपारपर्यंत फोन मरतो. म्हणून व्यवस्थेने शिधा लावला आणि पाळ्या ठरविल्या.

ॲन्ड्रॉइडच्या ६ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ सालापासून, 'डोझ' नावाची पद्धत आली. फोन चार्जरला नाही, पडदा बंद आहे आणि तो एका जागी स्वस्थ पडून आहे, असे काही वेळ दिसले की व्यवस्था ॲपचे इंटरनेट तोडते आणि पुढे ढकलता येतील ती कामे ढकलते. मधूनमधून थोडा वेळ दार उघडते. रात्र वाढेल तसे हे दार उघडण्याचे अंतरही वाढते. शिवाय काही फोन बनविणाऱ्यांनी आपल्या पदरच्या आणखी कडक काटकसरी घातलेल्या असतात. आणि वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन ॲप सक्तीने बंद केले, तर पुन्हा हाताने उघडीपर्यंत ते कोणत्याच मार्गाने उठत नाही. पूर्वी अशा ॲपची पाटी जुनी माहिती घेऊन तशीच झळकत राही. २०२४ साली आलेल्या ॲन्ड्रॉइड १५ पासून ती करड्या रंगाची होते. हा बदल आम्हांला प्रामाणिकपणाचा वाटतो. दुकान बंद असेल तर फळी लावलेली दिसली पाहिजे.

शिध्याला दुसरीही एक बाजू आहे. आमचे सभासद दोन हजार धरले आणि प्रत्येकाच्या पाटीने दिवसातून ४८ वेळा आमच्या संगणकाकडे विचारणा केली, तर ९६ हजार विचारणा होतात. आणि त्या सर्वांनी बरोबर नऊच्या ठोक्याला केल्या तर भाड्याने घेतलेला लहानसा संगणक गुदमरतो. म्हणून जाणते लोक प्रत्येक फोनला काही मिनिटांचा इकडेतिकडे फरक देतात. पगाराच्या दिवशी सर्व कामगारांना एकाच खिडकीवर एकाच वेळी बोलावू नये, हे आम्हांला कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

पंचांगाची रीत

आयफोनने मांडणी थोडी वेगळी केली आहे. तेथे ॲपने एकच चिठ्ठी न देता पुढच्या वेळेच्या अनेक चिठ्ठ्या आधीच लिहून द्यावयाच्या असतात : दहा वाजता हे दाखवा, बारा वाजता ते, संध्याकाळी सहाला ते. या यादीला 'टाइमलाइन' म्हणतात. यादी संपली की किंवा सांगितलेली वेळ आली की व्यवस्था ॲपला उठवून पुढची यादी मागते. वारंवार पाहिल्या जाणाऱ्या विजेटला दिवसाकाठी साधारण ४० ते ७० वेळा ताजे होण्याचा शिधा मिळतो. म्हणजे सुमारे १५ ते ६० मिनिटांस एकदा. ॲप उघडून वापरात असताना केलेला बदल या शिध्यात धरीत नाहीत.

ही रीत पाहून आम्हांला पंचांगाची आठवण झाली. पंचांगकर्ता वर्षाच्या आरंभी एकदाच बसतो आणि पुढच्या प्रत्येक दिवसाची तिथी लिहून ठेवतो. रोज सकाळी त्याला उठवावे लागत नाही, कारण तिथी आधी कळणारी वस्तू आहे. सभेची वेळही तशीच आधी कळलेली असते. आमच्या मुलाला हे सुचले असते तर त्याने शनिवारीच दोन ओळी लिहून दिल्या असत्या : मध्यरात्रीपर्यंत "उद्या", मध्यरात्रीनंतर "आज". मग रात्री इंटरनेट असो वा नसो. ॲन्ड्रॉइडमध्ये अशी यादी देण्याची रीत नसली तरी घड्याळ किंवा उलटी मोजणी चिठ्ठीतच घालता येते. ती ॲपला न उठविता आपली आपण चालते.

आणि त्याहूनही सोपा उपाय होता. "उद्या" हा शब्दच न लिहिता "रविवार" लिहावयाचे, पुढे तारीख घालावयाची. रविवार शिळा झाला तरी रविवारच राहतो. "आत्ताच", "आज", "थोड्या वेळापूर्वी" हे शब्द बोलण्यात गोड, पण पाटीवर घातक. बोलणारा समोर असतो तेव्हा त्याचे 'आज' आणि आपले 'आज' एकच असते. पाटी लिहिणारा निघून गेलेला असतो.

दवंडीची रीत

पण जगातल्या सर्वच गोष्टी आधी कळत नाहीत. सभा ऐन वेळी रद्द झाली तर पंचांग काय करणार? तेथे दवंडी हवी. दूरच्या संगणकाने फोनला हाक मारून उठविण्याच्या रीतीला 'पुश' म्हणतात. ॲन्ड्रॉइडमध्ये तातडीचा म्हणून पाठविलेला संदेश डोझच्या झोपेतूनही आत सोडला जातो. परंतु येथेही शिस्त आहे. तातडीचा शिक्का मारून रोज किरकोळ संदेश पाठविले आणि वापरणाऱ्याला त्यातून काही सूचना दिसली नाही, तर गूगलची यंत्रणा त्या ॲपच्या हाकेची तातडी कमी करू शकते. गावात रोज विनाकारण दवंडी पिटली तर खऱ्या वेळी लोक दार उघडत नाहीत, तसेच हे.

फळ्यावरील पाटी, पंचांग आणि दवंडी अशा या तीन रिती. कोणती कोठे वापरावयाची हे फोनवर अवलंबून नाही. ज्या गोष्टीची माहिती द्यावयाची, त्या गोष्टीची चाल किती जलद आहे, यावर ते अवलंबून आहे. आपल्याच जिल्ह्यातली उदाहरणे घेऊ.

सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. हा आकडा हंगामात एकदाच ठरतो. तो दर अर्ध्या तासाने विचारीत बसणे म्हणजे निव्वळ बॅटरी जाळणे. बाजार समितीतला प्रत्यक्ष भाव रोज बदलतो. त्याला दिवसातून एकदोन वेळा ताजे होणारी पाटी पुरे. हवामान खात्याचा तातडीचा अंदाज पुढच्या तीन तासांपुरता असतो. तेथे अर्ध्या-पाऊण तासाची पाटी चालेल, पण चार तासांपूर्वीची मुळीच चालणार नाही, कारण तो अंदाज तोपर्यंत संपलेलाच असतो. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला मोठा पूर आला आणि परंडा-भूम भागातील माणसे पाण्यात अडकली. अशा रात्री धरणातून किती पाणी सोडले याचा तासापूर्वीचा आकडा नदीकाठच्या माणसाला धीर देत असेल, तर तो धीर त्याचा घात करील.

आणि शेवटी वीज. जूनच्या सुरुवातीला दुपार कलताना आभाळ भरून येते, आणि बायामाणसे शेतात असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' हे ॲप केले आहे. विजा नोंदविणाऱ्या यंत्रांच्या जाळ्यावरून २० व ४० किलोमीटरच्या टापूत वीज आल्याचा इशारा ते देते. येथे मिनिटांचा हिशेब आहे. अर्ध्या तासाने रंगणाऱ्या चौकोनाकडे पाहून शेतात थांबावयाचे की निघावयाचे हे कोणीही ठरवू नये. येथे वाजणारी सूचनाच पाहिजे. तीही चुकू शकते, हे ध्यानात ठेवून आभाळाकडे पाहण्याची सवय मोडू नये.

याहून पुढची दवंडी म्हणजे मोबाइलच्या मनोऱ्यावरून एका टापूतल्या सर्व फोनांना एकदम दिला जाणारा इशारा. २०२३ साली देशभर त्याच्या चाचण्या झाल्या, तेव्हा खिशातले फोन अचानक कर्कश वाजून लोक दचकले होते. त्याला ॲप लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. जिवाशी गाठ असेल तेथे हीच रीत योग्य होय. विजेटने आपली पायरी ओळखून असावे.

दोन वेळांचा घोटाळा

एक बारीक गोष्ट राहिली, आणि आमच्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. काही विजेटांवर खाली लहान अक्षरांत वेळ लिहिलेली असते. ती कसली वेळ? पुष्कळदा ती फोनने माहिती आणल्याची वेळ असते. माहिती ज्या वेळेची आहे ती वेळ नसते. फोनने सकाळी दहाला विचारले, संगणकाने कालचाच बाजारभाव दिला, आणि पाटीवर उमटले : "१० वाजता ताजे केले." यात खोटे काही नाही, आणि तरी शेतकरी फसतो. तो कालच्या भावावर विश्वासून आज गाडी भरतो आणि बाजारात गेल्यावर भाव उतरलेला पाहतो. शिळी भाकरी आत्ताच ताटात वाढली म्हणून ती ताजी होत नाही. भाकरी केव्हा भाजली ते सांगा.

तसाच दुसरा घोटाळा शून्याचा. माहिती मिळाली नाही तर काही विजेटे शून्य दाखवितात. "पाऊस ० मिलिमीटर" आणि "पावसाची माहिती मिळाली नाही" या दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हजेरीपत्रकात नाव न मिळणे आणि गैरहजेरी लागणे यांतला फरक ज्या मजुराने भोगला आहे, त्याला हे अधिक समजावून सांगावे लागणार नाही.

हजेरीवरून आठवले. केंद्र सरकारने २०२१ साली रोजगार हमीच्या कामांवरील हजेरीसाठी एक ॲप आणले, आणि १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवर त्याची सक्ती झाली. दिवसातून दोन वेळा मजुरांचे छायाचित्र घ्यावयाचे आणि त्यावर वेळ व ठिकाण यांचा शिक्का पडावयाचा. रेंज नसली की हजेरी अडे आणि हजेरी अडली की मजुरी अडे. ती पद्धत योग्य की अयोग्य हा वाद येथे आणीत नाही. एवढेच विचारतो : जे यंत्र मजुराकडून त्याच्या श्रमाच्या वेळेचा पुरावा मिनिटानिशी घेते, त्या यंत्राने मजुराला दाखविलेल्या आकड्याची वेळ का सांगू नये? हिशेब दोन्ही बाजूंनी सारखा हवा.

मागण्या

संघटनेच्या माणसाचे लिहिणे मागण्यांवाचून पुरे होत नाही. ॲप करणाऱ्या तरुणांपुढे आमच्या मागण्या अशा आहेत. प्रत्येक विजेटवर आकड्याबरोबर तो आकडा ज्या वेळेचा आहे ती वेळ व तारीख लिहा. आकडा त्याच्या आयुष्यापेक्षा जुना झाला की तो फिका करा किंवा "जुनी माहिती" असे स्पष्ट लिहा. माहिती नसेल तर तसे सांगा, शून्य दाखवू नका. गोष्टीची चाल पाहून पाळी ठरवा. लोकांची बॅटरी फुकटची समजू नका. आणि जिवाचा इशारा केवळ पाटीवर ठेवू नका. या सर्वांसाठी फार पैसा लागत नाही. आमच्या मुलाने हे सारे दोन दिवसांत केले.

वापरणाऱ्यांनाही दोन शब्द. जे विजेट खरोखर कामाचे आहे, त्याच्या ॲपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये मोकळीक द्या. सर्वांना देऊ नका. ॲप सक्तीने बंद करण्याची सवय असेल तर त्याची पाटी थांबते हे लक्षात ठेवा. खर्चाचा किंवा प्रवासाचा निर्णय घेण्यापूर्वी एकदा ॲप उघडून पाहा. आणि पाटीवर वेळ नसेल तर ती पाटी अफवेइतकीच धरा.

आता आमच्या संघटनेच्या पाटीवर वार, तारीख आणि तास असतो. खाली एक ओळ असते : "ही माहिती शनिवार, रात्री ८ ची." दोन दिवस नवी माहिती पोचली नाही, तर पाटी आपण होऊन म्हणते, "कार्यालयात विचारा." उमरग्याकडच्या त्या मावशी परवाच्या सभेला वेळेवर आल्या. आल्या आल्या त्यांनी फोन काढला, त्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "आण्णा, आता कळतं बघा पाटी कवाची हाय ते." त्यांना एवढेच हवे होते, आणि एवढे मागण्याचा त्यांना अधिकार होता.